मदत हवी आहे: चीक साठवण्याबद्दल

नमस्कार मंडळी. आमची पहिलारू पुढच्या आठवड्यात व्यायची आहे. मागे मोठी गाय व्याली तेव्हा तिला दगडी (कासेचा आजार) झाली होती, चीक पाण्यासारखा आला आणि वासरू पाचव्या दिवशी हगवणीने गेलं. खोल गेलेले डोळे, शेपटीला चिकटलेली पिवळी घाण, अजून विसरलो नाही.

डॉक्टरांचं तेव्हाचं बोलणं डोक्यात बसलंय. माणसाच्या बाळाला आईची आयजीजी प्रतिपिंडं पोटात असतानाच वारेतून मिळतात. गाईची वार ती पलीकडे जाऊच देत नाही, म्हणून वासरू जवळपास कोरंच जन्मतं. बाईच्या चिकात मुख्यतः आयजीए हा प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार असतो, तो आतड्याच्या अस्तरावर पहारा देतो. गाईच्या चिकात भर आयजीजीवर, आणि ते वासराच्या आतड्यातून थेट रक्तात उतरतं. पण ही वाट साधारण 24 तासांत बंद होते. (जार पडेपर्यंत पाजू नका म्हणणाऱ्या आजोबांशी यावरून माझं वाजलंय.)

यंदा शेजारच्या चौथ्या वेताच्या गाईचा चीक मागून आणलाय, लिटरच्या बाटल्यांत डीप फ्रीजला आहे. खरवसवाल्यांपासून लपवून!

आता अडचण अशी. चीक फार तापला तर प्रतिपिंडं निकामी होतात, मग कोमट पाण्यात बाटली किती वेळ ठेवता? लाइट जाऊन अर्धवट वितळला तर परत गोठवलेला चालतो का? आणि चिकाचा ब्रिक्स (दाटपणाचं माप, त्यावरून प्रतिपिंडांचा अंदाज येतो) 22 च्या वर हवा म्हणतात, तर उसाच्या रसाचा ब्रिक्स मोजायचा हँड मीटर चिकाला चालेल का? वापरलेल्यांनीच सांगा, प्लीज.