मॅनिफोल्ड रंगवण्याआधी भेगा तपासा

बिडाच्या जुन्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करून नळीत सोडणारा भाग) घासून लगेच सिल्व्हर रंग मारायचं एकाने सुचवलंय. कृपया तसं करू नका. साधा रंग पहिल्याच लांब फेरीत जळून सुटतो, आणि खाली भेग असेल तर सगळी मेहनत वाया.

वायर ब्रशने गंज काढला की रॉकेल चोळा, कोरडं पुसा आणि खडूची पूड लावा. भेग असेल तिथे रॉकेल झिरपून काळी रेघ उमटते. पोर्टच्या (धूर आत येण्याच्या तोंडांच्या) मधल्या जागा आणि स्टडची (मॅनिफोल्ड इंजिनला धरणाऱ्या आट्यांच्या दांड्यांची) भोकं नीट बघा.

खोलवरच्या गंजाला धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर उत्तम: दोन्ही त्या पाण्यात बुडवून मॅनिफोल्ड ऋण टोकाला, लोखंडी पत्रा धन टोकाला. स्टेनलेसचा पत्रा मात्र अजिबात नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे उघड्यावरच करा.

मग फ्लँजवर (इंजिनला टेकणाऱ्या सपाट कडेवर) सरळ पट्टी धरून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. वाकला असेल तर फेसिंग (मशीनवर सपाट करणं) करून घ्या, नुसती नवी गॅस्केट (सांध्यातून धूर गळू न देणारं पातळ पॅकिंग) टिकणार नाही. रंग ६०० अंशांपर्यंत टिकणाराच घ्या आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करा. परत बसवताना नट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने आवळा.