अलास्का क्रूझ: डायमंड होण्यासाठी रॉयल, की ग्लेशियर बे?

बायूकाठी:
पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून येतायत. त्यांना अलास्का दाखवायचं हे नक्की, पण कुठल्या कंपनीने जायचं यावरून घरात दोन तट पडलेत. आम्ही ह्यूस्टनचे, गॅल्व्हेस्टन बंदर तासाभरावर. त्यामुळे आजवर रॉयल कॅरिबियनच करत आलो: कोझुमेल, रोआतान, पुन्हा कोझुमेल. त्यांच्या क्राउन अँड अँकर सोसायटीत, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांच्या क्लबात, आम्ही दोघं सध्या एमराल्ड स्तरावर आहोत. तिथे एका रात्रीला एक पॉइंट मिळतो आणि ८० पॉइंटला त्याच्या वरचा स्तर, डायमंड. अलास्काच्या सात रात्री रॉयलने केल्या की आम्ही डायमंड! म्हणजे रोज माणशी चार पेयांची व्हाउचर, वेगळी लाउंज, आणि सेलिब्रिटी या रॉयलच्याच गटातल्या कंपनीने गेलो तर तिथेही तोच मान, कारण या गटातल्या कंपन्या एकमेकींचा स्तर धरतात.
नवरा म्हणतो प्रिन्सेस किंवा हॉलंड अमेरिका घेऊ, ते ग्लेशियर बेमध्ये जातात. मी म्हणते, इतकं जवळ आल्यावर दुसऱ्या कंपनीत शून्यापासून सुरुवात कशाला? हिमनदी काय, रॉयलवाले पण दाखवतातच की. तुमचं मत काय?

खवचट काका:
कपाटातली चांगली पैठणी बोहारणीला द्यायची आणि स्टीलचा डबा मिळाला म्हणून आळीभर दाखवत फिरायचं, त्यातला प्रकार आहे हा.
एक साधी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय, ताई. पॉइंट जमा होतात ते फेरी संपल्यावर. म्हणजे अलास्काच्या सातही रात्री तुम्ही एमराल्डच असणार. डायमंडची पहिली कॉफी मिळेल ती पुढच्या कोझुमेलला. आई-बाबा तोवर पुण्यात.

बायूकाठी:
काका, ते माहीत आहे हो. पण आम्ही पुढेही जाणारच आहोत ना. दर वर्षी एक तरी होतेच.

ताळेबंद:
धागाकर्तीला एकच विचारतो: ती व्हाउचर नसती तर रोज चार पेयं तुम्ही विकत घेतली असती का? एका व्हाउचरवर १४ डॉलरपर्यंतचं पेय मिळतं, म्हणजे कागदावर दिवसाला माणशी ५६ डॉलर. लोक हाच आकडा सात रात्रींनी आणि दोन माणसांनी गुणतात आणि "पावणेआठशे डॉलर वाचले" म्हणून मोकळे होतात. पण जो माणूस एरवी एक मॉकटेल आणि एक कापुचिनो घेतो, त्याची बचत त्या दोन पेयांचीच. उरलेली दोन तो फुकट आहेत म्हणून पितो.
आता दुसऱ्या बाजूला भाड्यातला फरक मांडा. एकाच आठवड्यात, त्याच मार्गावर, तशाच बाल्कनी खोलीसाठी दोन कंपन्यांच्या दरात माणशी दोन-तीनशे डॉलरचं अंतर सहज असतं. चार माणसं जाणार असाल तर डायमंडची दोन वर्षांची कॉफी त्या फरकातच बुडाली.
शिवाय नियम कोणाच्या हातात आहेत ते पाहा. कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं की जून २०२६ पासून त्यांचा जुना क्लब बंद. नव्या योजनेत किती रात्री काढल्या यापेक्षा पैसे किती खर्च केलेत ते मोजणार, आणि स्तर टिकवायचा तर ठरावीक काळात तो पुन्हा कमवावा लागणार. वर्षानुवर्षं स्वस्तातली आतली खोली घेऊन रात्री साठवणाऱ्यांची तिथे काय चिडचिड झाली असेल! उद्या रॉयलने हेच केलं तर तुमच्या ८० पॉइंटांचं काय?

निवृत्त सीगल:
सगळे धागाकर्तीवर तुटून पडलेत, म्हणून मुद्दाम लिहिते. मी फोर्ट लॉडरडेलला राहते, एकटी आहे, आणि माझ्या क्रूझ निवडीत स्तराचा विचार सगळ्यात आधी येतो. लाज वाटत नाही.
कॅरिबियनची बंदरं माझी पाठ झालीत. नासाऊला तर मी आता उतरतही नाही. मग जहाजावर दिवस कसा जातो हीच माझी सहल. एकट्या माणसाला खोलीचं भाडं बहुतेक वेळा दोघांचं भरावं लागतं, हे तुम्हा जोडप्यांच्या गावीही नसतं. रॉयल निदान अशा प्रवाशाला दुप्पट पॉइंट देते. त्यामुळे डायमंड, पुढे १७५ ला डायमंड प्लस, हे एकट्यांना लवकर गाठता येतं.
आणि लाउंज म्हणजे फुकट वाइनचा अड्डा असं ताळेबंद यांना वाटत असेल, तर एकदा संध्याकाळी पाचला तिथे बसून पाहा. नेहमीची मंडळी असतात, पहिल्या दिवशी ओळख निघते, दुसऱ्या दिवशी "आज जेवायला आमच्या टेबलावर या" होतं. साडेतीन-चार हजार माणसांच्या जहाजात एकट्या बाईला हे किती मोठं आहे ते तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात घालाल?

ताळेबंद:
सीगलताई, तुमच्यासाठी ते बरोबरच आहे. तुम्ही वापरता ते सगळं. पण धागाकर्ती वर्षातून एकदा जाते आणि या वेळी सोबत आई-बाबा आहेत. त्यांना त्या लाउंजमध्ये प्रवेशही नाही. स्तर नवरा-बायकोला एकमेकांचा मिळतो, लहान मुलांना आई-वडिलांचा मिळतो, आई-वडिलांना मुलीचा मिळत नाही.

खवचट काका:
म्हणजे लेक-जावई लाउंजमध्ये आणि आई-बाबा बुफेच्या रांगेत ट्रे घेऊन. सुंदर देखावा.

घाटकोपरवाला:
आमच्या पिढीची पहिली क्रूझ म्हणजे सिंगापूरहून स्टार क्रूझ, टूर कंपनीच्या टोपीसकट. त्या स्टारची आणि ड्रीम क्रूझची मालक, हाँगकाँगची गेंटिंग, जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याआधी मुंबईची जलेश. एप्रिल २०१९ ला वाजतगाजत सुरू, २०२० मध्ये बंद, आणि कर्णिका जहाज थेट अलंगला भंगारात. कंपनीच उरली नाही तर गोल्ड काय आणि प्लॅटिनम काय. कार्ड पाकिटात ठेवा, डोक्यात नको.
(अवांतर: मुंबई-गोवा-लक्षद्वीप करणारं कॉर्डेलियाचं एम्प्रेस हे रॉयलचंच जुनं जहाज, १९९० सालचं. त्यावर बसून क्राउन अँड अँकरचे पॉइंट मागू नका, मिळत नाहीत.)

पावसाळी:
मी सिएटलला असते, उन्हाळ्यात दर आठवड्याला ही जहाजं निघताना दिसतात. पॉइंटांच्या भानगडीत मूळ प्रश्न राहून गेलाय, म्हणून लिहिते.
"हिमनदी काय, रॉयलवाले पण दाखवतातच" हे अर्धंच खरं आहे. ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठी क्रूझ जहाजं सोडतात. हे परवाने मुख्यतः प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि नॉर्वेजियन यांच्याकडे आहेत. रॉयलच्या फेऱ्या साधारणपणे हबर्ड हिमनदीला नाहीतर एंडिकॉट आर्म या खाडीत जातात. ग्लेशियर बेमध्ये जहाज कुठेच लागत नाही. सकाळी उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात आणि दिवसभर माइकवरून सांगत असतात: हा कडा कुठला, हे सील कुठले, बर्फ कुठवर होता आणि आता कुठे आलाय. ज्यांना उतरचढ झेपत नाही त्यांच्यासाठी यासारखा दिवस नाही. खुर्ची, ब्लँकेट, चहाचा कप आणि समोर मार्जरी हिमनदी.
आणि स्तरापेक्षा कितीतरी महत्त्वाचं: आई-बाबांचे पासपोर्ट भारतीय असतील तर कॅनडाचा व्हिसा लागेल. सिएटलहून निघून सिएटललाच परत येणाऱ्या फेरीलाही! १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे, त्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसती अमेरिकन बंदरं करून परत येता येत नाही, मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून बहुतेक जहाजं संध्याकाळी चार-पाच तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. तुम्ही तिथे उतरा नाहीतर खोलीत झोपा, व्हिसा नसेल तर सिएटललाच चढू देत नाहीत. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून चालत नाही. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी.

बायूकाठी:
बाप रे, कॅनडाच्या व्हिसाचं आमच्या डोक्यातच नव्हतं. खूप आभार. आज रात्रीच बाबांना फोन करते.

निवृत्त सीगल:
पावसाळी, माहिती उत्तम, पण हबर्डला उगाच दुय्यम करू नका. सुमारे १२० किलोमीटर लांबीची हिमनदी आहे ती. बाकीच्या बहुतेक मागे सरतायत, ही मात्र पुढे येतेय. तुकडा कोसळतो तेव्हा आवाज आधी छातीत जाणवतो. हबर्डसाठी रॉयल निवडली तर कोणी वेड्यात काढायचं कारण नाही.

पावसाळी:
मान्य. फक्त हबर्डला समोर बर्फ फार तरंगत असला की कॅप्टन लांबूनच वळवतो. आणि हबर्डसाठी रॉयल घेणं वेगळं, डायमंडसाठी रॉयल घेणं वेगळं.

धोबीघाट:
इतके सगळे लिहितायत पण खऱ्या सवलतीचं नाव कोणी घेतलं नाही. फुकट लाँड्री! प्रिन्सेसवर एलिट झालात की कपडे धुऊन, घडी करून खोलीत. एलिटला १५ फेऱ्या किंवा १५० दिवस लागतात. माझी सौ. म्हणते, सुट्टीत धुणं नाही यापुढे हिमनदीही फिकी. आम्ही दुसऱ्या कंपनीकडे बघतसुद्धा नाही.

खवचट काका:
१५० दिवस समुद्रावर काढले एक बादली धुणं वाचवायला. दंडवत.

धोबीघाट:
काका, घरी धुणं कोण धुतं ते आधी सांगा, मग दंडवत घाला.

ताळेबंद:
धोबीघाट यांना अनुमोदन, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. जी सवलत तुम्ही रोज वापरता आणि एरवी जिच्यासाठी पैसे मोजले असते, ती हिशेबात धरायलाच हवी. माझा आक्षेप अजून न मिळालेल्या स्तराचा पाठलाग करण्याला आहे. हातात आहे ते वापरा. दोन कंपन्यांची तारीख, मार्ग आणि भाडं सारखं निघालं तर खुशाल स्तर बघून ठरवा.

निवृत्त सीगल:
सारखं निघालं तरच? म्हणजे तुमच्या लेखी ओळखीची माणसं आणि ओळखीचं जहाज यांची किंमत शून्य. मला हे पटलेलं नाही आणि पटणारही नाही. दोनशे डॉलर जास्त देऊन मी माझ्याच जहाजावर जाईन.

बायूकाठी:
सगळ्यांचे आभार. रात्री घरी मांडून बसलो. अलास्का हॉलंड अमेरिकाने, ग्लेशियर बेसकट, सिएटल ते सिएटल. आई-बाबांना आमच्या शेजारचीच बाल्कनी खोली. मी अजून पूर्ण हरलेली नाही: डिसेंबरात गॅल्व्हेस्टनहून रॉयलची फेरी मुलांच्या सुट्टीत घेणार, डायमंड तेव्हा होऊ. नवरा म्हणतोय त्या आठवड्याचे भाव बघ आधी.
पावसाळी, शेवटचा प्रश्न: कॅनडाचा अर्ज त्यांनी पुण्याहून करायचा की इथे आल्यावर केला तरी चालेल?

पावसाळी:
तिथूनच करू द्या, बोटांचे ठसे द्यावे लागतात. आणि व्हिसा हातात येईपर्यंत पूर्ण पैसे भरू नका. अनामत परत मिळण्याची शेवटची तारीख काय आहे ती बुकिंग करतानाच लिहून घ्या.