दहाबची कमान : ४० मीटरच्या पुढे जाण्याआधी तयारी कशी करावी?

प्रश्नकर्ता : निळेपाणी

नमस्कार. माझ्याकडे स्कूबा डायव्हिंगची ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर, डीप आणि नायट्रॉक्स (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेला वायू) ही प्रमाणपत्रे आहेत. माझ्या बहुतेक डाइव्ह अंदमानात हॅवलॉकला आणि कर्नाटकात नेत्राणीला झाल्या असून ४० मीटरची मर्यादा मी आजवर ओलांडलेली नाही. पुढच्या हिवाळ्यात इजिप्तमधील दहाबला जाण्याचा बेत आहे, आणि तेथील ब्लू होल या समुद्रातल्या खोल खड्ड्यामधली दगडी कमान, जिचा माथा सुमारे ५५ मीटरवर आहे, ती आतून पार करावी अशी फार दिवसांची इच्छा आहे.

चौकशी केली तेव्हा एका ठिकाणाहून सांगण्यात आले की अनुभव बरा असेल तर मोठ्या सिलिंडरवर, साध्या हवेवर, गाइडसोबत पटकन जाऊन येता येते. दुसऱ्या ठिकाणी मात्र ट्रायमिक्सचे (हेलियम मिसळलेल्या श्वासाच्या वायूचे) प्रमाणपत्र असल्याशिवाय त्या डाइव्हविषयी बोलायलाही त्यांची तयारी नव्हती. या दोन उत्तरांत एवढे अंतर का, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. तसेच, अभ्यासक्रमाला जाण्यापूर्वी भारतात राहून कोणती तयारी करता येईल आणि उपकरणे आधीच विकत घ्यावीत का, यावर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : दोन_टाक्या

ज्यांनी तुम्हाला नकार दिला त्यांच्याकडेच जा, एवढे आधी सांगून मग कारणाकडे वळतो.

५६ मीटरवर एकूण दाब ६.६ बार असतो. साध्या हवेतील ऑक्सिजनचा अंशदाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) तिथे १.४ बारच्या जवळ पोहोचतो, म्हणजे काम करताना मान्य असलेल्या मर्यादेच्या अगदी काठावर. त्यामुळे 'ऑक्सिजनच्या हिशेबात ही डाइव्ह बसते' असे सांगणारे तांत्रिकदृष्ट्या खोटे बोलत नाहीत. अडचण दुसरीकडे आहे. त्या खोलीवर नायट्रोजनची गुंगी इतकी असते की गेजवरचा आकडा दिसतो, पण त्याचा अर्थ लागायला वेळ लागतो, आणि ज्याला गुंगी आली आहे त्याला स्वतःला सहसा आपण अगदी ठीक आहोत असेच वाटत असते. ब्लू होलमध्ये याची किंमत लगेच मोजावी लागते. कमान ठरावीक कोनातूनच नीट दिसते; ती नजरेतून सुटली की माणूस ती शोधत आणखी खाली जातो, आणि खाली तळ १०० मीटरच्या आसपास आहे. बाहेरून येणाऱ्या निळ्या उजेडामुळे कमानीखालचा सुमारे २६ मीटर लांबीचा बोगदा प्रत्यक्षापेक्षा आखूड भासतो. किनाऱ्यावरच्या कड्यावर लावलेल्या स्मृतिफलकांपैकी अनेक फलक हवेवर आणि एकाच सिलिंडरवर गेलेल्यांचे आहेत.

ज्याकडे हौशी डायव्हर सहसा लक्ष देत नाहीत ती बाब म्हणजे वायूची घनता. श्वासाच्या वायूची घनता लिटरमागे ५.२ ग्रॅमपर्यंत ठेवावी आणि ६.२ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये, अशी शिफारस आज सर्वत्र मानली जाते. साधी हवा ही वरची मर्यादा ३९ मीटरच्या सुमारास गाठते, आणि ५६ मीटरवर तिची घनता ८.५ ग्रॅमच्या आसपास जाते. इतका दाट वायू फुप्फुसांतून आत-बाहेर करताना थोडे जोरात पाय मारले तरी कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही. तो साठला की दम लागल्याची भावना येते, श्वास उथळ आणि जलद होतो, गुंगी वाढते, आणि हे चक्र पाण्याखाली तोडणे फार कठीण असते. जानेवारी २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बूशमन्स होलमध्ये सुमारे २७० मीटरवर अनुभवी डायव्हर डेव्ह शॉ यांचा मृत्यू झाला तो ट्रायमिक्स आणि रिब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारे यंत्र) दोन्ही असताना, आणि त्याचे कारण दाट वायूत श्रम केल्यामुळे साठलेला कार्बन डायऑक्साइड हेच मानले जाते. खोलीत फार मोठा फरक आहे हे मान्य, पण यंत्रणा तीच आहे.

आता १८/४५ ट्रायमिक्स घ्या, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम आणि उरलेला नायट्रोजन. त्याच ५६ मीटरवर ऑक्सिजनचा अंशदाब १.२ बार, घनता ५.३ ग्रॅमच्या आसपास, आणि गुंगी (ऑक्सिजनही गुंगी आणतो असे धरूनसुद्धा) साध्या हवेवर २६ मीटरवर असते तेवढी. तुम्हाला मिळालेल्या दोन उत्तरांमधले अंतर या आकड्यांत आहे.

एका सिलिंडरचा हिशेबही करून पाहा. शांतपणे पोहताना पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर वायू लागत असेल, तर ५६ मीटरवर १३२ लिटर लागेल. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला २४०० लिटर मावतात. आता समजा तो अर्धा संपलेला असताना सोबत्याचा वायू बंद पडला आणि दोघेही घाबरून प्रत्येकी ३० लिटरच्या गतीने श्वास घेऊ लागले, तर मिनिटाला सुमारे ४०० लिटर जातील. उरलेले १२०० लिटर तीन मिनिटांत संपतील, आणि डोक्यावर दगडी छत असेल. गाइड कितीही चांगला असला तरी हा हिशेब बदलत नाही.

उत्तर : तरंगता_धडा

वरच्या उत्तराशी सहमत आहे. मी अभ्यासक्रम आणि सरावापुरते लिहितो.

हौशी डाइव्हची सगळी रचना एका गृहीतकावर उभी आहे : काहीही बिघडले तरी थेट वर येता येते. डिकम्प्रेशनचे (वर येताना टप्प्याटप्प्याने थांबून शरीरात मुरलेला वायू बाहेर पडू देण्याचे) बंधन आले किंवा डोक्यावर छत आले की हा मार्ग बंद होतो, आणि प्रत्येक बिघाड आहे तिथेच सोडवावा लागतो. पुढचे सगळे प्रशिक्षण त्यासाठी असते. टीडीआय या प्रशिक्षण संस्थेच्या वाटेने गेलात तर ॲडव्हान्स्ड नायट्रॉक्स आणि डिकम्प्रेशन प्रोसिजर्स हे दोन अभ्यासक्रम सहसा एकत्र होतात आणि ४५ मीटरपर्यंत नेतात. त्यानंतरचा ट्रायमिक्स ६० मीटरपर्यंत जातो. पॅडी या दुसऱ्या संस्थेकडे टेक ४०, टेक ४५, टेक ५० आणि मग ट्रायमिक्स अशी पायरी आहे. साध्या हवेवर ५५ मीटरपर्यंत नेणारा एक्स्टेंडेड रेंज नावाचा अभ्यासक्रमही अस्तित्वात आहे. हेलियम मिळत असेल तर तो निवडण्याचे कारण मला दिसत नाही. हे सगळे एकाच सुट्टीत उरकू नका. डिकम्प्रेशनचा अभ्यासक्रम झाल्यावर त्या मर्यादेत पुरेशा डाइव्ह करून मगच ट्रायमिक्सकडे जावे, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात दहाबला जरूर जा, पण कमानीसाठी नव्हे तर पहिल्या टप्प्यासाठी.

भारतात करण्याजोगी तयारी उथळ पाण्यातली आहे आणि थोडी कंटाळवाणी आहे. शरीर आडवे ठेवून, हात न हलवता, १० मीटरवर एकाच जागी स्थिर राहता आले पाहिजे, आणि ते करत असताना मास्क काढून घालणे, सोबत्याला वायू देणे, रीलवरून पृष्ठभागावर बोया सोडणे ही कामे खोली अर्ध्या मीटरपेक्षा जास्त न बदलता झाली पाहिजेत. सहा मीटरच्या थांब्यावर तुम्ही शुद्ध ऑक्सिजन घेत असाल तेव्हा त्याचा अंशदाब १.६ बार असतो; तिथून नकळत दोन-तीन मीटर खाली घसरणारा माणूस स्वतःला ऑक्सिजन जास्त झाल्याने येणाऱ्या झटक्याच्या (फिटच्या) धोक्यात घालतो, आणि पाण्यात झटका आला की रेग्युलेटर तोंडातून सुटतो. म्हणून बॉयन्सी (पाण्यात न बुडता, न तरंगता स्थिर राहणे) ही इथे दिसायला सुंदर असण्याची गोष्ट राहत नाही. याशिवाय प्रत्येक डाइव्हनंतर आपला वायूचा खर्च लिहून ठेवायला आजपासून सुरुवात करा, कारण पुढची सगळी गणिते त्या एका आकड्यावर चालतात.

उपकरणांच्या बाबतीत घाई करू नये. बॅकप्लेट व विंग (सिलिंडर बसवायची पाठीवरची पट्टी आणि हवा भरायची पिशवी), लांब नळीचा रेग्युलेटर आणि ट्रायमिक्स चालवू शकणारा कॉम्प्युटर लागेलच, पण मांडणी प्रशिक्षकाशी बोलून ठरवावी. जोडसिलिंडर (पाठीवर एकत्र बांधलेले दोन सिलिंडर) केंद्रात भाड्याने मिळतात.

प्रश्नकर्ता : निळेपाणी

दोघांचेही मनापासून आभार. कमानीचा विचार या हिवाळ्यापुरता बाजूला ठेवतो. आणखी एक विचारायचे होते. गुंगीची सवय व्हावी म्हणून अभ्यासक्रमाआधी अंदमानात ४५ मीटरपर्यंत हवेवर जाऊन पाहावे, असे एका मित्राने सुचवले आहे. त्याचा उपयोग होतो का?

उत्तर : खोल_समुद्र

उपयोग होत नाही. गुंगीखाली एखादे ठरावीक काम करण्याचा सराव होतो, पण बुद्धीची गती परत येत नाही. सवय झाली असे वाटणे हाच त्यातला धोका आहे.

मी मुंबई हायच्या तेलक्षेत्रात व्यावसायिक डायव्हर म्हणून काम केले आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूने थोडे सांगतो. आमच्या क्षेत्रात पृष्ठभागावरून हवा पुरवून केलेल्या डाइव्हची मर्यादा ५० मीटर धरली जाते. त्या मर्यादेतसुद्धा डायव्हरच्या हेल्मेटला वरून न संपणारा पुरवठा असतो, सुपरवायझरशी सतत बोलणे चालू असते, दुसरा डायव्हर कपडे चढवून उतरायच्या तयारीत बसलेला असतो, आणि डेकवर प्रेशर चेंबर (शरीरातल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे होणाऱ्या त्रासावर दाबाखाली उपचार करण्याची खोली) असतो. मुंबई हायला पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे, म्हणून तळाच्या कामासाठी सॅच्युरेशन पद्धत वापरतात, ज्यात माणसे हेलियम आणि ऑक्सिजनच्या मिश्रणात दाबाखालीच राहतात आणि शेवटी काही दिवस घेऊन हळूहळू बाहेर येतात. एवढा फौजफाटा असूनही जिथे आम्ही हवेवर ५० मीटरच्या पुढे जात नाही, तिथे पाठीवरच्या एका सिलिंडरवर ५५ मीटर जाण्याला काय म्हणावे, ते तुम्हीच ठरवा.

तुमच्याजवळ डेकवरचा चेंबर नसणार, म्हणून तो कुठे आहे हे पाण्यात उतरण्याआधी माहीत हवे. हॅवलॉकहून अशा उपचारासाठी आधी बोटीने पोर्ट ब्लेअर गाठावे लागते, आणि समुद्र खवळलेला असेल तर तेवढाही प्रवास सोपा नसतो. तांबड्या समुद्रात शर्म अल-शेखला चेंबर आहे. बोटीवर किंवा किनाऱ्यावर शंभर टक्के ऑक्सिजन देणारा संच आहे का, तो भरलेला आहे का आणि तिथे पोहोचेपर्यंत पुरेल का, हे स्वतः पाहावे. 'हो, आहे' या उत्तरावर थांबू नये. विम्यात डिकम्प्रेशन डाइव्ह धरलेल्या आहेत का, हेही वाचून घ्यावे.

आणि एकदा डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. साधारण चारातल्या एका प्रौढाच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधले जन्मापूर्वीचे छिद्र पूर्ण मिटलेले नसते, आणि त्यातून वर येताना रक्तात तयार होणारे बुडबुडे फुप्फुसांना वळसा घालून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. प्रत्येकाने त्याची चाचणी करावीच असे नाही, पण पूर्वी डाइव्हनंतर अंगावर चट्टे उठले असतील, चक्कर आली असेल किंवा कारण न कळता बेंड्स (अशा बुडबुड्यांमुळे होणारा आजार) झाले असतील, तर डिकम्प्रेशनच्या वाटेला लागण्याआधी ती करावी.

उत्तर : दोन_टाक्या

आधीच्या उत्तरात राहिलेल्या दोन गोष्टी जोडतो.

पहिली, राखीव वायू. ४५ मीटरच्या सरावाच्या डाइव्हचे उदाहरण घेतो, ज्यात वर येताना २१ मीटरवर ५० टक्के नायट्रॉक्सच्या सिलिंडरवर जायचे आहे. दोघे मिळून मिनिटाला ६० लिटर धरले, तर तळाशी गोंधळ निस्तरायला दोन मिनिटे म्हणजे ६६० लिटर, २१ मीटरपर्यंत चढायला तीन मिनिटे म्हणजे सुमारे ७७० लिटर, आणि तिथे सिलिंडर बदलायला एक मिनिट म्हणजे १८६ लिटर लागतात. ही बेरीज १६०० लिटरच्या थोडी वर जाते. १२ लिटरच्या जोडसिलिंडरमध्ये ते ७० बार होतात. गेजवर ७० बार दिसण्याच्या आत तळ सोडलेला असला पाहिजे, मग समोर काहीही पाहायचे राहिलेले असो. छताखालच्या डाइव्हला हा हिशेब पुरत नाही, तिथे एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेला राखीव असा नियम लागतो. हे ५० टक्क्यांचे सिलिंडर चुकून ४५ मीटरवर तोंडात गेले तर ऑक्सिजनचा अंशदाब २.७५ बार होतो, म्हणून त्यावर २१ हा आकडा हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेला असतो आणि बदल करताना सोबती तो वाचून मान्यता देतो. सिलिंडर भरून मिळाले की मिश्रण स्वतः तपासायचे, हे ओघाने आलेच.

दुसरी, थांब्यांचे वेळापत्रक. बुलमानच्या पद्धतीवर (थांब्यांचा हिशेब करण्याच्या एका गणिती पद्धतीवर) चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये ग्रेडियंट फॅक्टरचे, म्हणजे त्या हिशेबातल्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचे याचे, दोन आकडे असतात, आणि जुन्या लेखांत पहिला आकडा अगदी कमी ठेवून खोलवर थांबे घ्यावेत असा सल्ला आढळतो. अमेरिकन नौदलाने १७० फुटांवरच्या, तळाशी ३० मिनिटांच्या डाइव्ह घेऊन या प्रश्नाची चाचणी केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात तेवढ्याच एकूण वेळेत खोल थांबे घेणाऱ्या गटाला बेंड्सचा त्रास अधिक झाला. तेव्हापासून मी पहिला आकडा ५० च्या आसपास ठेवतो. तुम्ही सोबत्याशी जुळणारे आकडे ठेवा, आणि छापील तक्त्यावर नेहमीच्या योजनेशेजारी तीन मीटर जास्त, पाच मिनिटे जास्त आणि नायट्रॉक्सचे सिलिंडर हरवल्यास, अशा तिन्ही योजना लिहून बरोबर न्या.