मॅथिल्डचे वस्तुमान कसे मोजले?

"उपग्रह नसेल तर लघुग्रहाचे वस्तुमान कळत नाही, त्यामुळे कार्बनी लघुग्रहांची घनता हा निव्वळ अंदाज" असं म्हटलं जातं, ते अर्धंच बरोबर आहे. २५३ मॅथिल्ड या कार्बनी लघुग्रहाला (२५३ हा तिचा क्रमांक) उपग्रह सापडलेला नाही, तरी तिची घनता मोजलेली आहे. २७ जून १९९७ रोजी नासाचं निअर हे अवकाशयान तिच्यापासून १२१२ किमीवरून, सेकंदाला जवळजवळ १० किमी वेगाने गेलं. तिच्या ओढीने यानाच्या वेगात पडलेला फरक सेकंदाला फक्त एखादा मिलिमीटर! तो यानाच्या रेडिओ लहरींच्या डॉप्लर बदलातून (वेगामुळे वारंवारतेत पडणाऱ्या फरकातून) पकडला. वस्तुमान आलं सुमारे १०^१७ किलो. छायाचित्रांवरून आकारमान साधारण ७८,००० घन किमी. भागाकार केला की घनता घन सेंमीला १.३ ग्रॅम. कार्बनी उल्कापाषाण याच्या दुपटीच्या आसपास जड असतात, म्हणजे मॅथिल्ड आतून जवळपास निम्मी पोकळ.

यातला कच्चा दुवा वस्तुमान नाही, आकारमान आहे. तिची स्वतःभोवतीची एक फेरी १७ दिवसांहून जास्त वेळाची, त्यामुळे भेटीच्या अर्ध्या तासात साठ टक्केच पृष्ठभाग दिसला; उरलेला आकार अंदाजाने भरावा लागला.

पोकळपणाचा आणखी एक पुरावा म्हणजे विवरं. तिच्या त्रिज्येहून रुंद विवरं शेजारीशेजारी आहेत, तरी जुन्यांच्या कडा शाबूत. भरीव खडक अशा धडकांनी फुटला असता. इथे सच्छिद्र माल दबून धक्का तिथेच जिरला. (विवरांना जगभरच्या कोळसा खोऱ्यांची नावं आहेत, एक आपलं दामोदरही.)