स्वयंपाकघरातच जेवायला बसायची सोय करायचीय, भिंतीला लागून बाकडं की ओट्याला उंच स्टूल? मदत हवी आहे

मंडळी, सुतारकाम लवकरच सुरू होतंय आणि त्याआधी एक गोष्ट पक्की करायचीय म्हणून लिहितेय. घरात आम्ही चौघं, मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सध्या जो तो जमेल तिथे ताट घेऊन बसतो आणि जो पोळ्या करत असतो तो कायम एकटा आत, ते मला अजिबात आवडत नाही, म्हणून सगळ्यांना स्वयंपाकघरातच बसता येईल अशी जागा हवीय.

किचन ९ बाय १२ फूट आहे. ओटा एल आकाराचा, एका लांब भिंतीला आणि खिडकीखाली, खोली २ फूट. समोरच्या लांब भिंतीला एका टोकाला फ्रीज, आणि तिथून कोपऱ्यापर्यंत साधारण साडेसात फूट भिंत मोकळी. म्हणजे भिंतीपासून ओट्याच्या कडेपर्यंत ७ फूट, ८४ इंच, एवढ्यातच बसणं आणि वावरणं दोन्ही बसवायचंय.

सुतार म्हणतोय ओट्याला जोडून ग्रॅनाइटचा काउंटर पुढे काढू आणि खाली उंच स्टूल ठेवू, जागा वाचेल. जागा वाचते हे खरंय, पण ३६ इंच उंचीच्या काउंटरला स्टूलची बैठक २४-२६ इंचावर येते, तिथे गुडघे दुखणाऱ्या माणसाने चढायचं कसं आणि लहान मुलीने उतरायचं कसं? शिवाय गुडघे नीट आत जायला दगड निदान फूटभर, खरं तर १५ इंच तरी बाहेर यायला हवा, आणि एवढा बाहेर आला की खाली लोखंडी ब्रॅकेट लागणारच, नाहीतर कोणी त्यावर जोर देऊन टेकलं तर दगडाला तडा जायची भीती. आणि सगळे एका रांगेत भिंतीकडे तोंड करून बसणार, मग गप्पा कुठल्या. त्यामुळे माझं मन तिथे नाहीये.

मला वाटतंय कोपऱ्यात एल आकाराचं बाकडं करावं, १८ इंच उंच आणि १८ इंच खोल, समोर ३० इंच उंचीचं टेबल, मोकळ्या टोकाला सासूबाईंसाठी हाताची खुर्ची. टेबल २७ इंच रुंद धरलं आणि बाकड्याच्या कडेवर ३ इंच आत सरकवलं (नाहीतर ताटापर्यंत वाकावं लागतं) तर भिंतीपासून ४२ इंच जातात आणि ओट्यापर्यंत ४२ इंच उरतात. ट्रॉल्या उघडून पुढे उभं राहता येतं. पण त्या बाजूला खुर्ची ठेवायची नाही हे मी ठरवलंय, माणूस बसलं की वीसेक इंच जातात आणि गरम भांडं घेऊन वळायला जागाच राहत नाही.

खरी अडचण लांबीची आहे. माणशी २४ इंच धरले तर दोघांना ४८ इंच लांब टेबल हवं, पण तसं केलं की टोकाच्या खुर्चीमागे फ्रीजपर्यंत जेमतेम २७ इंच उरतात. बसलेल्या माणसाला पुरतील, पण खुर्ची मागे सारून उठायला निदान ३२ तरी लागतात. टेबल ४२ चं केलं तर ३३ मिळतात, मात्र लांब बाजूला दोन मोठी माणसं जरा दाटीने बसतील. शिवाय फ्रीजचं दार खुर्चीच्या बाजूला उघडतं आणि भाजीचा ड्रॉवर पूर्ण बाहेर यायला दार नव्वद अंशांच्या पुढे न्यावं लागतं, म्हणजे ते थेट खुर्चीवर येणार. दाराची बिजागरी दुसऱ्या बाजूला बदलून घेता येते का ते बघतेय, तुमच्यापैकी कोणी करून घेतलीय का?

फरशीवर चिकटपट्टीने टेबलाची आकृती काढली आणि बाकड्याच्या उंचीची खोकी रचून सासूबाईंना बसवून पाहिलं. बसल्या छान, पण उठताना त्यांनी टाचा मागे घ्यायचा प्रयत्न केला आणि त्या खोक्याला अडल्या, मग टेबलाची कड धरून उठल्या. म्हणजे बाकड्याचा खालचा भाग तीनचार इंच आत घ्यायला हवा, आणि टेबल असं हवं की कड धरून जोर दिला तरी कलंडणार नाही. पाहुणे आले की सासूबाईही बाकड्यावरच बसणार, त्यामुळे हे मला महत्त्वाचं वाटतं.

इथेच मी अडकलेय. मधे एकच खांब असलेलं टेबल घेतलं तर बाकड्यावर सरकत आत जाणं सोपं, चार पायांचं घेतलं तर प्रत्येक वेळी पाय आडवा येतो. पण एक खांबाचं टेबल टोकाला जोर दिल्यावर किती स्थिर राहतं? इंग्रजी टी अक्षरासारखे दोन आधार दोन टोकांना दिले तर मधला मार्ग निघेल का? ज्यांच्याकडे वयस्कर माणसं रोज अशा टेबलावर बसतात त्यांचा अनुभव हवाय.

बाकड्याखाली सामान ठेवायचंच आहे. वरची फळी उचलायची म्हटलं तर आधी गादी काढा आणि टेबल सरकवा, म्हणून समोरून ड्रॉवर बरे वाटतात, पण टेबलाच्या आधारांना ते अडतील का? कोपऱ्यातली भिंत पावसाळ्यात थोडी ओल धरते, तर पाठीला प्लाय न लावता भिंतीपासून इंचभर सोडून नुसत्या पट्ट्या ठोकायचा विचार आहे. एमडीएफ (लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेली फळी) नकोच, लादी पुसताना खालची कड भिजून फुगते. गादीला रेक्झिन लावणार, डाग पुसता यावेत म्हणून, आणि गादी दबल्यावर बैठक १८ इंच राहील असं सुताराला सांगणार आहे.

नवऱ्याचं म्हणणं, भिंतीला घडीचं टेबल लावू, काम झालं की मिटवू. रोज दोन वेळा कोणी खरंच मिटवतं का? वापरणाऱ्यांनी अगदी खरं सांगा. आणि ४२ की ४८, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? सुताराला माप द्यायचंय, त्यामुळे लवकर लिहिलंत तर फार मदत होईल, किचनचा नकाशा हवा असेल तर काढून टाकते.