भंगारवाल्याकडे गेल्यानंतर

जुना संगणक भंगारवाल्याला दिला की त्याचा पुनर्वापर आपोआप होतो, हे नेहमी ऐकू येणारे मत निम्मेच खरे आहे. दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे असा माल सुटा होतो तेव्हा त्यातले बरेच काही पुन्हा वापरात येते, हे मान्य; परंतु तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात, सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवले जातात, आणि त्याची किंमत तिथले कामगार आपल्या फुप्फुसांनी मोजतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून वस्तू देताना ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रकाकडेच जाणार आहे का, एवढे अवश्य विचारावे. भाव कमी मिळेल, हे खरेच.

माझ्या कपाटात बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेलेला एक मोबाइल पडून होता. अशी बॅटरी दाबू नये, चार्जिंगला लावू नये आणि घरच्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नये, कारण कचरागाडीत दाबली गेल्यास ती पेट घेऊ शकते. मी तो कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यातून संकलन केंद्रावर नेला आणि बॅटरी फुगल्याचे तिथे आधीच सांगितले.