१९५१ च्या शेवरोले पिकअपमधली सीट नेमकी कशाची आहे? ओळखून द्या राजेहो

संत्र्याची_बाग:
नमस्कार मंडळी. आजोबांची शेवरोले ३१०० पिकअप आहे, काटोलकडच्या शेतावर शेडमध्ये वीसेक वर्षं पडून होती, दिवाळीपासून तिच्या मागे लागलोय. आरसी बुकात १९५१ आणि राज्य मध्य प्रदेश लिहिलंय, तेव्हा नागपूर एमपीची राजधानी होती न, आमच्या घरच्या पोट्ट्यांना हे खरंच वाटेना. ब्रेक झाले, वायरिंग झाली, आता सीटवर अडकलो. बाबा म्हणतात सीट ओरिजिनल नाही, त्यांच्या लहानपणीच कोणीतरी बदलवली. पाठ एकदम ताठ आहे, शाळेच्या बाकासारखी, अर्ध्या तासात कंबर धरते. बैठक दारापासून दारापर्यंत बरोबर बसते पण पाठीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा सुटते. वरून हिरवं रेग्झिन, फाटलेलं, आतून काथ्या निघून राहिला. भंगारवाला सगळं मिळून दोनशे देतो म्हणे. देऊन टाकू का?

बुलेट_राजा:
अँबेसेडरची पुढची सीट असेल भाऊ, तीपण अशीच सलग बाकासारखी यायची, गियर स्टेअरिंगजवळ असायचा न म्हणून. देऊन टाका अन् नवीन बनवून घ्या, कायले डोक्याला ताप.

आटेवाला:
थांबा थांबा, काहीच देऊ नका. नुसतं वरवर बघून सीट ओळखता येत नाही, खालून ओळखता येते. आधी बैठक उलटी करा आणि जिथे ती फ्लोअरला बसते तिथले बोल्ट बघा. अमेरिकन गाडीचं माप इंचात. पण नुसत्या पान्यावर भरवसा ठेवू नका, पाना फसवतो. ५/१६ इंची बोल्टचं डोकं अर्ध्या इंचाचं म्हणजे १२.७ मिमी, त्यावर आपला १३ चा पाना थोडा ढिला का होईना पण बसूनच जातो, मग माणूस म्हणतो हा एम-८ (८ मिमी जाडीचा मेट्रिक बोल्ट) आहे म्हणजे नंतर कोणीतरी टाकलेलं काम. बोल्टची जाडीसुद्धा जवळपास तीच, ७.९ आणि ८. फरक आट्यांत आहे. एम-८ ला आट्यातलं अंतर १.२५ मिमी, ५/१६ च्या जाड आट्याच्या बोल्टला इंचात १८ आटे म्हणजे साधारण १.४ मिमी. हार्डवेअरच्या दुकानातून एम-८ चा एक नवीन नट आणा आणि हातानं फिरवून बघा, दोनतीन फेऱ्यात जाम झाला तर बोल्ट इंची आहे. पाना मारून जबरदस्ती करू नका, आटे जातील. हीच परीक्षा पाठीच्या बोल्टांवरपण करा, कारण तुम्हीच लिहिलंय की बैठक मापात बसते आणि पाठ नाही, मग दोन्ही एकाच गाडीचे कशावरून?

आणि पाठ ताठ का आहे तेपण सांगतो. १९४९ पासून या पिकअपची पेट्रोल टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे आली. तुमची टाकी तिथेच असेल तर दुसऱ्या गाडीची कलती पाठ तिथे मावणारच नाही, म्हणून कोणी वेल्डिंगवाल्यानं ती उभी करून ठोकली असेल. यावरून महत्त्वाचं, सीटला वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावायचा असेल तर सीट बाहेर अंगणात आणा, केबिनमध्ये ठिणगी नको म्हणजे नको. टाकी रिकामी आहे म्हणून बिनधास्त राहू नका, रिकाम्या टाकीतली वाफ जास्त वाईट.

कुशनवाल्याचा_पोरगा:
वडिलांचं चाळीस वर्षं हेच काम, मी दुकानात बसूनच मोठा झालो. रेग्झिन सुरीनं फाडू नका जी, शिवण उसवून काढा, जुने तुकडेच नवीन कव्हरचा फर्मा असतात. काढताना खाली काय काय थर निघतात ते बघत जा. काथ्याला रबर मारलेलं असेल तर ते नंतर आपल्याकडे झालेलं काम. त्याच्या खाली गोणपाट, त्याच्या खाली गोल स्प्रिंगा निघाल्या तर ढाचा जुना असू शकतो, आडव्या नागमोडी तारा निघाल्या तर वेगळी गोष्ट.

स्प्रिंग तुटलेली निघाली तर वेल्डिंग करू नका. स्प्रिंगचं पोलाद तापलं की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे लवचिक ताकद जाते, मग ती जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटते. दुसऱ्या भंगार सीटची तेवढ्याच जाडीची स्प्रिंग काढून सुतळीनं आठ बाजूंनी बांधायची, आमचे बाबा तसंच करतात. गंज वायर ब्रशनं काढून प्रायमर मारा.

संत्र्याची_बाग:
पंधरा दिवस गायब होतो, संत्र्याचा तोडा सुरू होता. काल रविवारी सीट उघडली अन् मजाच झाली. बैठकीचे चारही बोल्ट इंची निघाले, एम-८ चा नट दोन आट्यांत अडकला, आणि फ्लोअरच्या जुन्या छिद्रांवर बैठक तंतोतंत बसते. हिरव्या रेग्झिनखाली मरून रेग्झिन, मग काथ्या, मग गोणपाट, मग गोल स्प्रिंगा. म्हणजे बैठक गाडीचीच! पाठ मात्र एका इंची पाइपची, बोल्ट एम-८, मागच्या पत्र्यावर पिवळ्या रंगात २७ आकडा रंगवलेला. कोण्यातरी बसचं बाक कापून लावलंय, सीट नंबरसकट. बाबांना दाखवलं तर ते हसतच सुटले, म्हणे तुझे आजोबा बस डेपोच्या लिलावात जायचे.

बुलेट_राजा:
घ्या, माझी अँबेसेडर गेली पाण्यात 😄

संत्र्याची_बाग:
आता प्रश्न पाठीचा. ती ठेवू का काढू?

आटेवाला:
काढा. पण २७ नंबरचा पत्रा जपून ठेवा. बैठक ओरिजिनल आहे तर पाठ तिच्या मापानं नवीन बनवा, आधी पुठ्ठ्याचा फर्मा टाकीसमोर उभा करून बघा. टाकीला घासायला नको, मध्ये दोन बोटं जागा ठेवा.

कुशनवाल्याचा_पोरगा:
बैठकीत स्प्रिंगवर आधी कॅनव्हास, मग नमदा (दाबलेल्या लोकरीचा थर), मग दोन इंच ४० डेन्सिटीचा फोम. कॅनव्हास गाळला तर स्प्रिंगा वर्षभरात फोम खाऊन टाकतात. आणि मधोमध रेग्झिन नको, जाड कापड लावा, रेग्झिन फक्त कडेला. मे महिन्यात आपल्याकडे ४५ ला हाफपँटवर बसून पाहा, मग समजेल मी काय म्हणतो ते. मरून रंगाचा जुना तुकडा सोबत घेऊन नागपूरच्या गांधीबाग बाजारात जा, नुसतं रंगाचं नाव सांगितलं की ते चॉकलेटी देऊन देतात.

संत्र्याची_बाग:
तुकडा खिशात टाकला, बुधवारी जातो. भंगारवाला आज पुन्हा आला होता, आता तीनशे म्हणतो.